पुरानंतरची दीपपूजा

संकट टळलें म्हणजे ‘देवानें राखलें’ असें म्हणून हात जोडावे व देवापुढें साखर ठेवावी, हा आपल्या घरांतील जुना परिपाठ आहे; त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु देवानें राखलें तें कोणाच्या हातांनीं राखलें, ही चौकशी आपण क्वचितच करतों. ता. २६ जुलै २००५ च्या महावृष्टीची गोष्ट निघाली म्हणजे आम्हांस हा प्रश्न हटकून आठवतो. तो दिव्यासारख्या गांवीं उभें राहून विचारला, तर उत्तर लवकर सांपडण्याचा संभव आहे.

मुंबईहून कल्याणास निघालें, ठाणें सुटलें आणि मुंब्रा मागें पडलें कीं दिवा जंक्शन येतें. येथून एक फांटा पनवेलवरून कोंकणाकडे व दुसरा वसईकडे जातो. गांव मूळचें आगरी-कोळ्यांचें. भातशेतें, खाजणें आणि हाकेच्या अंतरावर खाडी. पुढें मुंबई-ठाण्यांत ज्यांना भाडें परवडेना, अशा हजारों कुटुंबांनीं येथें चाळींतून संसार थाटले. जमीन सखल, पिण्याच्या पाण्याची ओढाताण कायमची, आणि पावसाळ्यांत मात्र नको तितकें पाणी दाराशीं, अशी येथील गृहिणीची दुहेरी तारांबळ.

त्या मंगळवारीं काय झालें, तें आंकड्यांवरून ध्यानांत येईल. सांताक्रूझच्या वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्याच अवधींत त्याच शहराच्या दक्षिण टोकास, कुलाब्यास, अवघा ७३ मिलिमीटर पडला. कुलाब्याकडील कचेऱ्यांत बसलेल्या मंडळींना उपनगरांत काय ओढवलें आहे याची कल्पनाहि नव्हती. पावसाचा मुख्य जोर दुपारनंतरचा. तशांत भरतीची वेळ, म्हणून समुद्र व खाड्या पाणी पोटांत घेईनात. उल्हास नदी फुगून बदलापूर-कल्याणाकडील वस्तींत शिरली. आगगाड्या जागच्या जागीं थांबल्या. माणसांनीं ती रात्र डब्यांत, फलाटांवर, कचेऱ्यांत काढली. कित्येक रुळांवरून मैलोगणती चालत निघाले. महाराष्ट्रांत त्या आपत्तींत हजारावर माणसें दगावलीं.

त्या रात्रीची जी हकीकत मागाहून घरोघरीं सांगितली गेली, तींत एक गोष्ट पुनःपुन्हां येते. वाटसरूंना चहा, बिस्किटें, खिचडी, कोरडें लुगडें देणाऱ्यांत ज्यांच्या स्वतःच्या घरांत गुडघाभर पाणी होतें असे लोक पुष्कळ होते. एरव्हीं ज्या वस्तीकडे आपण गाडीच्या खिडकींतून नाक मुरडून पाहतों, तेथल्याच माणसांनीं दोर धरून लोकांना पलीकडे नेलें. दुसऱ्या दिवसापासून ‘मुंबईची हिंमत’ या शब्दांचा फार गजर झाला. आम्हांस तो फारसा रुचत नाहीं. शहराची हिंमत म्हटलें कीं कोणा एका माणसाचें देणें लागत नाहीं, आणि आपण मोकळे होतों.

कृतज्ञ या शब्दाची फोड करून पाहावी. कृत जाणतो तो कृतज्ञ. म्हणजे आपणांसाठीं काय केलें गेलें व कोणीं केलें, हें ज्यास ठाऊक आहे तो. मनांत गोड भावना दाटून येणें हा त्याचा फार तर अर्धा भाग. चौकशी हा पहिला.

त्या वर्षीं आषाढी अमावास्या महापुरानंतर दहा दिवसांच्या सुमारास आली. ही आपली दिव्यांची अंवस. घरांतील समया, निरांजनें, लामणदिवे घासून पुसून पाटावर मांडावे, हळदकुंकू वाहावें, कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य दाखवावा. वर्षभर ज्यानें अंधारांत सोबत केली, त्या पितळेच्या तुकड्याचेंहि उपकार स्मरणारी ही चाल आम्हांस फार सुंदर वाटते. पोळ्याला बैल, खंडेनवमीला हत्यारें, जेवणापूर्वीं चित्राहुती! वस्तूंचें व मुक्या प्राण्यांचें ऋण आपल्या वडिलांनीं इतकें बारकाईनें नोंदवून ठेविलें आहे. पंचमहायज्ञांत मनुष्ययज्ञहि आहेच. पण त्यांतला अतिथि आपण बहुधा आपल्याच पंक्तीचा धरतों.

याच अमावास्येला हल्लीं ‘गटारी’ म्हणतात, आणि त्या नांवाखालीं काय चालतें तें सांगावयास नको. परंतु २००५ सालीं त्या नांवास एक निराळाच अर्थ आला होता. पाणी ओसरल्यावर गल्लोगल्लीं कुजलेलें धान्य, भिजलेल्या गाद्या व मेलेलीं गुरें पडलीं होतीं, आणि तें सर्व उपसणारे हात सफाई कामगारांचे होते. ऑगस्टांत मुंबई भागांत लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून, पायाच्या लहानशा जखमेवाटेंहि हा रोग शिरतो. त्या पाण्यांत रोज उभें राहणें म्हणजे काय, याचा विचार ज्या घरांत एकदां तरी झाला असेल, तें घर धन्य!

पुढें ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां श्रीवर्धनकडील नारळीपोफळीच्या बागा आडव्या झाल्या. दिव्याच्या चाळींतून अनेकांचीं मुळें कोंकणांतलीं. त्यांनीं तें दुःख दुरून सोसलें. कित्येक गांवांत वीज आठवडे लोटल्यावर आली, आणि ती आणण्यास परजिल्ह्यांतून वायरमन गेले होते. दिवा लागला तेव्हां सर्वांनीं दिव्याला नमस्कार केला. खांबावरच्या माणसास निदान पाण्याचा तांब्या तरी मिळाला असेल, अशी आशा करूं.

आतां एक शंका. उपकार मानीत बसणारा माणूस तक्रार करीत नाहीं, म्हणून हा गुण गरिबांच्या गळ्यांत बांधणें सोयीचें पडतें, असें कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. दिव्याच्या गृहिणीस ‘पाणी ओसरलें ना, मग समाधान मान’ असें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. उलट, कृत जाणणाऱ्यास अकृतहि दिसतें. महापुराची चौकशी करण्यास डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली व तिनें २००६ सालीं अहवाल दिला. ऑक्टोबर २००५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें राज्यांतील कांदळवनें तोडण्यास मनाई केली. तिवरांचें हें ओंगळ दिसणारें चिखलरान भरतीचा मार अंगावर घेतें, आणि खाजणें पावसाचें पाणी पोटांत सांठवितात. तींच बुजवून आपण इमले उठवितों. खुद्द ठाणें शहराचा कचरा कित्येक वर्षें दिव्याच्या खाजणांत येऊन पडत असे. ठाण्याच्या स्वच्छ अंगणांवर दिव्याचें हें ऋण होतें. तें किती घरांनीं मानलें असेल?

यंदा दिव्यांच्या अंवसेला कणीक भिजवितांना गूळ थोडा अधिक किसावा. घरच्या माणसांपुरते दिवे उकडून झाले कीं चार निराळे काढून ठेवावे, आणि सकाळीं कचरा न्यावयास येणाऱ्या बाईंना, त्यांचें नांव विचारून, मुलांच्या हातून तुपासकट द्यावे. ताटली परत येण्याची वाट पाहूं नये.