पळत्या चुंबकाला वेसण

माळशिरस तालुक्यात कुठल्याही विहिरीवर विचारा, पंप गाळाने अडकला की मोटार जळते. एरवी तीच मोटार तासन्‌तास चालते. वायंडिंग तेच, लाईट तीच, फरक फक्त फिरण्याचा. फिरता फिरता मोटार स्वतःही विजेचा उलटा दाब तयार करते आणि आत येणारा प्रवाह आवरून धरते. ती अडकली की हा अटकाव जातो, प्रवाह कित्येक पटींनी वाढतो आणि तारेवरचं इनॅमल जळतं.

विहिरीवर राखण करणारा हा उलटा दाब इलेक्ट्रिक स्कूटरच्या मात्र आडवा येतो. नातेपुत्याहून माळशिरसकडे पालखी मार्गाने निघालं की गाडी आधी उसळी घेते, मग जोर ओसरतो. तिच्या मोटारीच्या फिरत्या भागावर, म्हणजे रोटरवर, कायमचे चुंबक असतात. वेग दुप्पट झाला की उलटा दाबही दुप्पट होतो, आणि एका टप्प्यावर तो बॅटरीच्या दाबाला भिडतो. मग मूठ कितीही पिळा, प्रवाह आत रेटायला बळच उरत नाही.

चुंबक चालत्या गाडीत बदलता येत नाही, पण दुबळा करता येतो. रॉबर्ट पार्क यांनी 1929 साली मांडलेल्या गणिताने मोटारीतला प्रवाह दोन भागांत पाहता येतो. एक भाग चाकाला पीळ देतो, दुसरा चुंबकाच्या रेषेत असतो. मोटारीला प्रवाह पुरवणारा कंट्रोलर हा दुसरा भाग चुंबकाच्या विरोधात लावतो. उलटा दाब उतरतो, वेगाला वाट मिळते. त्यात खर्ची पडलेला प्रवाह पीळ देत नाही, तारा मात्र तापवतो.

मला थक्क करते ती यातली घाई. चार चुंबकजोड्यांची मोटार मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर विजेची सेकंदाला 400 आवर्तनं होतात. कंट्रोलर सेकंदाला 10,000 वेळा हिशेब करत असला, तरी एका आवर्तनात 25च हिशेब बसतात. एका हिशेबाचा उशीर म्हणजे 14.4 अंशांची चूक. 600 फेऱ्यांना हीच चूक दीड अंशही नसते. म्हणून वेगात असताना रोटर आत्ता कुठे आहे एवढं कळून भागत नाही. प्रवाह पोहोचेल तेव्हा तो कुठे असेल, याचा अंदाज घेऊनच हुकूम सोडावा लागतो.

भर वेगात कंट्रोलर बंद पडला, तर दाबून ठेवलेला उलटा दाब उसळतो, डायोडमधून बॅटरीकडे धावतो आणि चाकाला ब्रेक लागल्यासारखा हिसका बसू शकतो. म्हणून काही मोटारींत चुंबक बेताचे ठेवतात आणि पिळाचा काही भाग रोटरच्या लोखंडाच्या घडणीतून मिळवतात.