कळ की ठणका?

शस्त्रक्रियेच्या परीक्षेशी कविता लिहिणाऱ्या माणसाचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मी बी.ए. झालेला माणूस. रक्त पाहिलं की मला घेरी येते. पण माझा भाचा एम.एस.च्या प्रात्यक्षिकात नापास झाला आणि पुढच्या परीक्षेपर्यंत आमच्याकडे राहायला आला. तेवढे महिने मी त्याचा रोगी होतो.

ही परीक्षा कशी असते, ते आधी सांगतो. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं शिक्षण आणि एक प्रबंध. शेवटी तीन-तीन तासांच्या चार लेखी प्रश्नपत्रिका, आणि मग प्रात्यक्षिक. तिथे चार परीक्षक असतात, त्यातले दोन बाहेरगावचे. एक ‘लाँग केस’ मिळते, म्हणजे खराखुरा रुग्ण. त्याच्याशी बोलायचं, त्याला तपासायचं आणि सगळं परीक्षकांपुढे क्रमाने मांडायचं. मग काही ‘शॉर्ट केसेस’: कुणाची गाठ, कुणाची न भरणारी जखम, कुणाच्या पायावरच्या फुगलेल्या शिरा. शेवटी टेबलं. एकावर हत्यारं, एकावर एक्स-रे, एकावर बरणीतले नमुने. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं.

भाच्याला येत नव्हतं असं नाही. बेली आणि लव्ह या दोघांचा १९३२ साली प्रथम निघालेला जाडजूड ग्रंथ त्याच्या उशाशीच असायचा. मग अडलं कुठे? त्याच्या वाट्याला एक वयस्क हमाल आला होता. उजव्या जांघेत फुगवटा, उभं राहिलं की उतरणारा, निजलं की आत जाणारा. हर्निया, हे त्याने लगेच ओळखलं. परीक्षकांनी विचारलं, “लघवीचं काय?” ते त्याने विचारलंच नव्हतं. आता हर्नियाचा आणि लघवीचा संबंध काय? वयामुळे प्रोस्टेट वाढली असेल तर लघवीला जोर करावा लागतो. जुना खोकला असेल, शौचाला कुंथावं लागत असेल, तरी पोटातला दाब वाढतो. कारण तसंच राहिलं, तर शिवलेलं पुन्हा उसवायची भीती. म्हणून खोकला, शौच आणि लघवी, हे तीन प्रश्न चुकवायचे नसतात.

दुसरी चूक मला जास्त लागली. हमालाला न सांगताच त्याने गाठीवर हात दाबला. म्हातारा कळवळला आणि हा गाठीकडेच बघत राहिला.

मी म्हटलं, “चल, मला तपास.” मला वाटलं होतं, ही माझीच युक्ती. पण अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज नावाच्या मेंदुविकारतज्ज्ञाने १९६३ सालीच साध्या माणसांना रुग्णाचं सोंग शिकवून विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली होती. आज जगभर ही पद्धत चालते. आमच्याकडे बाज होती, चादर होती आणि मी होतो.

घरात आम्ही दखनी बोलतो, पण रोगी झालो की मी आठवडी बाजारातली मराठी बोलायचो. “पोटात दुखतंय,” एवढंच मी म्हणायचो आणि तो वहीत ‘पेन’ लिहून पुढे जायचा. परीक्षा इंग्रजीतून, त्यामुळे रुग्णाचे सगळे शब्द त्या एका शब्दात बुडायचे. तिथे मात्र माझी बी.ए.ची मराठी उपयोगी पडली. मी त्याला म्हटलं, “कसं दुखतंय ते विचार की!” ठणका म्हणजे ठोक्याठोक्याने दुखणं, आत पू धरला असेल, तर असं दुखतं. कळ येते आणि जाते. आतड्यासारखी पोकळ नळी अडथळ्यापुढे आवळली जाते, तेव्हा ती येते. जळजळ वेगळी, चमक वेगळी. शिवाय दुखणं जागा बदलतं. अपेंडिक्स सुजलं की बऱ्याचदा आधी बेंबीभोवती दुखतं आणि मग उजवीकडे खाली सरकतं. “आता इथंच दुखतंय, की आधी दुसरीकडं दुखत होतं?” हा एक प्रश्न अर्धं निदान सांगून जातो.

हात लावायचेही नियम ठरले. आधी नाव विचारायचं, परवानगी घ्यायची, हात चोळून गरम करायचे. दुखऱ्या जागेपासून लांब सुरुवात करायची, तिथे शेवटी पोचायचं, आणि डोळे रोग्याच्या चेहऱ्यावर ठेवायचे. तो विसरला की मी ओरडायचो. शेजाऱ्यांना वाटायचं, मामा-भाच्याचं भांडण चाललंय.

मग मांडणी. मी खुर्चीत परीक्षक होऊन बसायचो. मला न कळणारं वाक्य तो पुन्हा सांगायचा. वय, व्यवसाय, तक्रार आणि ती किती दिवसांची, हे पहिल्या दोन वाक्यांत यायलाच हवं, अशी अट होती. रात्री हत्यारांच्या चित्रांच्या चिठ्ठ्या. कोखर चिमट्याच्या टोकाला दात असतो, हे मीसुद्धा शिकलो. आणि ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो, त्या थिओडोर कोखर यांना थायरॉइड ग्रंथीवरच्या कामाबद्दल १९०९ साली नोबेल मिळालं, हेही.

तुमच्या घरातही असं कुणी अभ्यासाला बसलं असेल. त्याला चहा देऊन दार लोटून घेऊ नका. त्याचं शास्त्र आपल्याला येत नाही, पण रोगी होता येतं, ऐकून घेता येतं. पुस्तकाला तपासताना दुखत नाही. आपल्याला दुखतं.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी भाच्याचा फोन आला. लाँग केस होती पोटाच्या क्षयाची एक बाई. मी विचारलं, “काय म्हणाली?”

“म्हणाली, पोटात गोळा फिरतोय, गुडगुडतंय, आणि वारा सरला की मोकळं वाटतंय. मामू, मी तिचेच शब्द आधी सांगितले, मग इंग्रजीत. परीक्षक मान हलवत होते.”

“आणि तपासताना?”

“चेहऱ्याकडेच बघत होतो.”

निकाल लागायचा होता. पण मी त्याच रात्री बाज आवरून ठेवली.