हेमंतातील हौद

आश्विन सरत आला, पावसाने कायमची उघडीप दिली आणि घरोघर जळमटे काढण्याची, भिंतींना चुना देण्याची धांदल सुरू झाली, म्हणजे ज्यांच्या परसात अथवा बंगल्यापुढील बागेत एखादा कमळांचा हौद आहे अशा गृहस्थांची दृष्टी हटकून त्या हौदाकडे वळते. आणि पावसाळाभर साचलेला गाळ, कडेला धरलेले बुळबुळीत शेवाळ व पिवळी पडू लागलेली पाने पाहून, दिवाळीच्या आत हा हौद उपसून, काथ्याने घासून लख्ख करावा असा हुकूम माळ्याला सुटतो. हुकमाची तामील तत्परतेने होते. नरकचतुर्दशीच्या दिवशी हौदाचा तळ स्वच्छ दिसतो, पाहुणे वाखाणणी करतात, आणि मार्गशीर्ष लागतो न लागतो तोच मासे मलूल होऊन एकेक करून उलटे तरंगू लागतात. मग सारा दोष थंडीच्या माथी मारला जातो. वास्तविक आपल्या दख्खनच्या पठारावरील थंडी हौदाला फारशी बाधक नाही. बाधक असते ती थंडीच्या तोंडावर केलेली सफाई, आणि म्हणून हौदाच्या हिवाळी बंदोबस्ताचे पहिले कलम असे की, दिवाळीच्या साफसफाईतून हौदाला बिनशर्त सूट द्यावी.

याचे कारण डोळ्यांना दिसत नाही. मासे आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया नावाचे विषारी द्रव्य सतत पाण्यात सोडीत असतात. हौदाच्या भिंतींवर, तळच्या खड्यांवर, कुंड्यांच्या बाहेरील अंगावर जो बुळबुळीत थर असतो, त्यात वस्ती करून राहिलेले सूक्ष्म जीवाणू त्या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, आणि हे नायट्रेट वनस्पतींच्या उपयोगी पडते. ही वसाहत जमण्यास उबदार दिवसांतही महिना-सव्वा महिना लागतो. थंडीत तिची वाढ अधिकच मंदावते. तेव्हा ज्याने ऐन कार्तिकात भिंती खरवडल्या त्याने आपल्या हौदाचा सफाई कामगारवर्ग एका फटकाऱ्यात बडतर्फ केला आणि नव्या नेमणुका होण्याची शक्यताही लांबणीवर टाकली, असे समजावे. गाळाचा अतिरेक झाला असेल तर वरवरचा थोडा गाळ बादलीने काढावा, पाण्याचा चौथा हिस्सा बदलावा, आणि तेवढ्यावर थांबावे. भरावयाचे पाणी नळाचे असेल तर त्यातील क्लोरिन उडून जाण्यासाठी ते पिंपात एक दिवस उघडे ठेवावे. त्यामुळे नव्या व जुन्या पाण्याच्या उष्णतामानातील तफावतही आपोआप मिटते, आणि माशांना क्लोरिनइतकीच ही तफावतही सोसत नाही.

आता आपली थंडी ती किती? पुण्यात १९३५ सालच्या जानेवारीत पारा १.७ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता; तरीही हा आकडा हवेचा आहे, पाण्याचा नव्हे, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. एखाद्या वजनाच्या काळ्या पाषाणाला एक अंशाने तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे पाचपट उष्णता तेवढ्याच वजनाच्या पाण्यास लागते, आणि ती परत देतानाही पाणी तितकीच दिरंगाई करते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात आणि गवतावर, मोटारींच्या टपांवर, नौकाविहाराच्या धक्क्याच्या फळ्यांवर पांढरा थर जमतो, ही वार्ता वृत्तपत्रांतून दर हिवाळ्यात येते. पण त्याच वेळी खुद्द तलावाचे पाणी मात्र प्रवाहीच असते. निरभ्र रात्री पात्या-फळ्यांची तुटपुंजी उष्णता आकाशाकडे भराभर निघून जाते, तर पाण्यापाशी दिवसभराची शिल्लक गाठीला असते. हौद जितका खोल, तितकी ही शिल्लक मोठी. हातभर खोलीचा उथळ हौद एका रात्रीत बराच निवतो. कमरेइतका खोल हौद आठवडाभराच्या थंडीच्या लाटेलाही दाद देत नाही.

थंड पाण्याचा एक मोठा गुण असा की त्यात प्राणवायू अधिक विरघळतो. ३० अंश उष्णतामानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर १५ अंशांच्या पाण्यात दहा मिलिग्रॅम. उलटपक्षी माशांचे रक्त शीत असल्यामुळे पाणी निवले की त्यांचे शरीरव्यापार मंदावतात, त्यांची श्वासाची गरज घटते आणि भूकही आटते. म्हणजे आवक वाढते व खर्च कमी होतो. हिवाळ्याइतका सुबत्तेचा काळ माशांना दुसरा नाही. ही सुबत्ता बिघडते ती आपल्या दयाबुद्धीने. सोनेरी मासा तळाशी स्वस्थ बसलेला पाहून घरातील मुलांना, आणि खरे सांगावयाचे तर मुलांच्या आजोबांनाही, तो उपाशी असल्याचा भास होतो व मूठभर खाद्य पाण्यात पडते. न खाल्लेले खाद्य कुजते, खाल्लेले पचत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात दिवसातून एकदा, ऊन चांगले तापल्यावर, पाच मिनिटांत संपेल एवढेच खाद्य टाकावे, आणि पाणी दहा अंशांच्या खाली गेलेच तर तेही बंद करावे. सोनेरी मासा मूळचा चीनचा, थंडीला सरावलेला. गप्पी मासा मात्र दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातील असल्याने तो लवकर गारठतो, आणि त्याच्यासाठी हौदाचा काही भाग दिवसभर उन्हात राहील अशी तजवीज केलेली बरी.

एका आपत्तीची मात्र आगाऊ खबर असावी. तळाशी सडलेली पाने फार असली तर तेथील पाणी प्राणवायूला पारखे झालेले असते. उबदार दिवसांत वरचे हलके पाणी त्याच्यावर झाकणासारखे बसते म्हणून त्याचा उपद्रव जाणवत नाही. परंतु अकस्मात थंडीची लाट आली, की वरचे पाणी निवून जड होते, खाली बुडते आणि तळचे दूषित पाणी वर उसळते. दुसऱ्या दिवशी पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात. रात्री वनस्पतीही प्राणवायू देत नसून घेत असल्यामुळे पहाटेची वेळ मुळातच ओढगस्तीची असते. अशा वेळी औषधे शोधीत न बसता झारीने उंचावरून पाणी पाडीत राहावे, कारंजे असेल तर ते चालू करावे. हवेशी संपर्क वाढविणे एवढाच खरा उपाय.

झाडांच्या पानगळीचेही आपल्याकडे एक वेगळे वेळापत्रक आहे. युरोपात पाने शरदातच झडतात. आपल्या बागेतील देशी बदामाची पाने थंडीत तांबडी होऊन गळतात आणि पिंपळ तर शिशिर संपता संपता मोकळा होतो. त्यामुळे हौदावर बारीक जाळी अंथरावयाची असेल तर ती माघात अधिक कामास येते. बदामाची दोन-चार पाने पाण्यात पडली तर बिघडत नाही. त्यांच्यातील टॅनिनाने पाणी किंचित तांबूस होते व ते माशांना मानवते, म्हणून शौकीन लोक ही पाने मुद्दाम विकत घेऊन टाकतात. शेवाळाचे तंतू हिवाळ्यातील नितळ, ऊन खाल्लेल्या पाण्यात माजतात खरे. खडबडीत काठीला गुंडाळून ते ओढून काढावेत, मोरचुदासारखी विषे त्यासाठी वापरू नयेत. मोरचुदाने शेवाळ मरते आणि मासेही मरतात.

कमळाचा प्रश्न जरा विस्ताराने घेतला पाहिजे. मेघदूतातील यक्ष आपल्या विरहिणी पत्नीची कल्पना करताना तिला शिशिराने गांजलेल्या कमलिनीची उपमा देतो, आणि संस्कृत काव्यात हिमाने करपलेले कमलवन हे विनाशाचे ठरीव चित्रच होऊन बसले आहे. कवींनी पाहिले ते चुकीचे नव्हते, पण त्यांनी पाण्याच्या वरचे तेवढेच पाहिले. दिवस लहान होऊ लागताच कमळ आपल्या पानांतील सत्त्व देठांवाटे खाली उतरवून चिखलातील कंदात साठविते. कंद जाड होतो, पाने पिवळी, मग तपकिरी होऊन कोलमडतात, आणि वरकरणी मृत दिसणारी ही वेल तळाशी पुढील वसंताची बेगमी करून निवांत पडलेली असते. या वेळी तिला खत घालणे म्हणजे निजलेल्याच्या तोंडात घास कोंबणे होय. आश्विनानंतर खत बंद, हा शिरस्ता काटेकोर पाळावा. सुकलेली पाने काढताना देठ पाण्याच्या पातळीखाली कधीही कापू नये, कारण कमळाचे देठ पोकळ असून त्यांतील नलिकांतून कंदापर्यंत हवा पोहोचते. पाण्याखाली कापलेल्या देठातून हवेऐवजी पाणी शिरते व कंद कुजण्याची भीती असते. पाण्याच्या वर वीतभर खुंट ठेवावेत. ते दिसावयास ओबडधोबड दिसतात, हे मान्य. परंतु त्यांच्यावर टाचण्या येऊन बसतात, हीही एक शोभाच आहे.

ज्या महाराष्ट्रीय कुटुंबांनी इंग्लंडात घरे केली आहेत, त्यांच्या परसातील हौदाचे गणित अर्थातच निराळे. तेथे पाणी गोठते. पण गोठते ते वरून, आणि त्यातच जलचरांचे तारण आहे. पाणी चार अंशांवर सर्वांत जड असते; त्याहून थंड झाले की ते पुन्हा हलके होऊन वर येते व बर्फ तर त्याहूनही हलका, म्हणून किमान दोन फूट खोलीच्या हौदाचा तळ सहसा गोठत नाही. मात्र बर्फाच्या सलग पापुद्र्याखाली कुजक्या पानांतून निघणारे वायू कोंडतात. तो पापुद्रा हातोड्याने फोडू नये, त्या आघाताने मासे हबकतात. गरम पाण्याचे भांडे त्यावर ठेवून अलगद छिद्र पाडावे, आणि वर हिम साचले असेल तर तळापर्यंत उजेड पोहोचावा म्हणून तेही झाडून काढावे. तेथील बेडकांचे काही नर हिवाळाभर तळच्या चिखलात पडून त्वचेवाटे श्वास घेतात. सोनेरी माशाची व त्याच्या चुलतभावाची, क्रूशियन कार्पची, हिकमत तर अधिकच अजब: प्राणवायू संपला की हे मासे शरीरात साचणाऱ्या आम्लाचे मद्यार्कात रूपांतर करून तो कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात व महिनोगणती जगतात. क्रूशियन कार्पच्या रक्तात शंभर मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅमांहून अधिक मद्यार्क आढळला आहे. आपल्या मोटार कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमांची असल्याने हा मासा आपल्याकडे वाहन चालविण्यास अपात्र ठरता.

त्या थंड मुलुखात रंगीत कुमुदे फुलविण्याचे श्रेय फ्रान्समधील लातूर-मारलियाक यांच्याकडे जाते. युरोपातील पांढऱ्या, काटक जातीचा अन्य प्रदेशांतील रंगीत जातींशी संकर करून त्यांनी गुलाबी, तांबडी, पिवळी कुमुदे सिद्ध केली, १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात ती मांडली, आणि चित्रकार मोने यांनी जिव्हेर्नी येथील आपल्या तळ्यासाठी त्यांच्याकडूनच रोपे मागविली. आज पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांतून ‘हार्डी लिली’ म्हणून जी मिळतात, त्यांतील अनेकांची वंशावळ तेथवर पोहोचते.

हौदाचा उपभोग घेण्यास मात्र आपलाच हिवाळा अधिक अनुकूल. पावसाळ्यात पाणी गढूळ, उन्हाळ्यात ते हिरवे आणि काठी बसवत नाही; मार्गशीर्ष-पौषात मात्र सूर्य दक्षिणेला कललेला असतो, किरणे तिरपी येतात आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात तळचा खडा न् खडा मोजता येतो. पहाटे हवा पाण्यापेक्षा थंड असल्याने पृष्ठभागावर वाफेचा पातळ पडदा तरंगतो. पुण्यात सारसबागेतील तळ्यातला गणपती थंडीत लोकरी स्वेटर व कानटोपी घालून बसतो. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी करविलेले मूळ तळे आता राहिले नसले, तरी देवळाभोवतीच्या पाण्यातील कुमुदे पाहावयास सकाळी फिरायला आलेली वृद्ध मंडळी कठड्याशी रेंगाळतात, आणि देवाला लागणारी थंडी माशांना लागत नाही काय, असा प्रश्न एखादे नातवंड हटकून विचारते.

घरच्या हौदावर हिमालयापलीकडून आलेला करडा धोबी शेपूट हलवीत काठाने धावू लागतो, खंड्या कुंपणावर तळ ठोकतो. खंड्याचे येणे आनंदाचेच, पण त्याच्या आहाराचा खर्च आपल्या माशांवर पडतो, म्हणून तळाशी दोन-चार फुटकी कौले उपडी घालून माशांना आडोसा करून द्यावा. पावसाळ्यात थव्याने घिरट्या घालणारे पिवळसर चतुर या सुमारास दिसेनासे होतात; पँटाला फ्लॅव्हेसेन्स नावाची ही जात आश्विन-कार्तिकात ईशान्येच्या वाऱ्यावर स्वार होऊन मालदीवमार्गे आफ्रिकेकडे समुद्र ओलांडते, असे चार्ल्स अँडरसन या संशोधकाने २००९ साली मांडले. इतर जातींच्या चतुरांची पिले मात्र मागे, हौदाच्या गाळातच, राहतात आणि डासांच्या अळ्या खातात. दिवाळीला गाळ उपसणारा मनुष्य या बिनपगारी पहारेकऱ्यांनाही नाल्यात लोटून देतो, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

माघ ओसरून उन्हाला कड येऊ लागली, म्हणजे राहिलेली सारी कामे एकदम काढावीत. भिंती घासावयाच्या असतील तर तेव्हा, आणि त्याही एका वेळी निम्म्याच. कमळाची कुंडी बाहेर काढून कंद हळुवार धुवावेत, कोंब न दुखविता दोन-तीन पेरांचे तुकडे करावेत आणि रुंद तोंडाच्या कुंडीत चिकण मातीत ते आडवे, कोंब वर राहील असे लावावेत. तोवर ते क्षणभरही कोरडे पडू देऊ नयेत. तुकडे हमखास गरजेपेक्षा अधिक निघतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटूनही उरलेच, आणि हौदात कसले औषध मारलेले नसेल, तर ते स्वयंपाकघरात पाठवावेत. उल्हासनगर किंवा पिंपरीकडील एखाद्या सिंधी गृहिणीला विचारले तर कमळकाकडीची भाजी कशी करावी, तेलात किती परतावी आणि छिद्रांतील माती कशी काढावी, हे ती तपशीलवार सांगेल.