वरळीतला मरुत

मुंबईत विमानांचं संग्रहालय आहे का, असं संपादकांनी विचारलं तेव्हा मी लगेच नाही म्हणालो. जुहूची धावपट्टी आमच्या मालाडहून रिक्षाने जाण्याइतकी जवळ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. तरीही बरीच जुनी विमानं एका जागी बघायची तर मुंबईकराला गोव्यात बोगमाळ्याला, नौदलाच्या संग्रहालयात जावं लागतं. फोन ठेवला आणि आठवलं, वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक लढाऊ विमान आहे. शाळेच्या सहलीत त्याच्याकडे पाठ फिरवून आम्ही रेल्वेच्या इंजिनाकडे धावलो होतो. रविवारी सकाळची स्लो लोकल पकडून महालक्ष्मीला उतरलो.

केंद्राचं उद्घाटन १९८५ साली राजीव गांधींच्या हस्ते झालं. आत विजेची, ध्वनीची, प्रकाशाची दालनं आहेत, मुलांची झुंबड तिथेच. मी थेट बाहेरच्या उद्यानात गेलो. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं एचएफ-२४, म्हणजे ‘मरुत’, तिथे आहे.

या विमानाची कंबर बघावी. पंख जिथे धडाला जोडले जातात तिथे धड आत दबलेलं असतं. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडथळा एकदम वाढतो, तो कमी व्हावा म्हणून ही बारीक कंबर. पंख पंचेचाळीस अंशांनी मागे कललेले. दोन्ही कुशींत हवा आत घेणारी तोंडं, आणि प्रत्येक तोंडाशी एक अर्धा शंकू. मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो तो या शंकूपाशी. ध्वनीपेक्षा जास्त वेगाने येणारी हवा तशीच इंजिनात शिरली तर इंजिन बिघडतं, म्हणून हा शंकू तिला आधी धक्का देऊन संथ करतो. हवाई दलाने मागितला होता ध्वनीच्या दुप्पट वेग, आणि आकार आखला गेला तो त्या वेगासाठी.

आखणारे होते कुर्ट टँक, दुसऱ्या महायुद्धातल्या फॉके-वुल्फ १९० या लढाऊ विमानाचे जर्मन शिल्पकार. १९५६ साली ते आपले सहकारी घेऊन बंगळूरला आले. पण विमानाचं डिझाइन म्हणजे काय हे तिथल्या लोकांना नवं नव्हतं. कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगनला वायुगतिशास्त्राचे जाणकार लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आले होते, आणि त्यांचं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ सालीच आकाशात गेलं होतं. घाटग्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळक असायला हवं होतं, याची मला मनापासून खंत आहे.

जून १९६१ मध्ये सुरंजन दास यांनी मरुतचं पहिलं उड्डाण केलं. अडचण होती इंजिनाची. मरुतसाठी ब्रिटनमध्ये तयार होत असलेलं ऑर्फियस-१२ हे जोरकस इंजिन धरलं होतं. ब्रिटिशांनी ते काम सोडलं. पुढचा खर्च उचला, असं त्यांनी भारताला सांगितलं, आणि भारताने तो नाकारला. मग छोट्या नॅट विमानाला जे ऑर्फियस लागायचं त्याच कुळातली, प्रत्येकी सुमारे २,२०० किलो रेट्याची दोन इंजिनं बसवावी लागली. इजिप्तच्या इंजिनाचाही प्रयोग झाला, तोही मध्येच थांबला. शेवटी आपल्याच लोकांनी ऑर्फियसला आफ्टरबर्नर जोडला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत पुन्हा इंधन फवारून पेटवायचं, म्हणजे रेटा वाढतो. तसं एक विमान उडवताना १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास गेले. ज्या शंकूपाशी मी उभा होतो, त्याला हवा तो वेग मरुतला सरळ उड्डाणात कधीच मिळाला नाही.

तरी १४७ मरुत बनले. डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर ते जमिनीलगत लढले, आणि एक इंजिन बंद पडल्यावर दुसऱ्याच्या बळावर वैमानिकांना घेऊन परतलेही. ताकदीला कमी पडणाऱ्या त्या दोन इंजिनांनी माणसं घरी आणली, हे मला फार मोठं वाटतं.

आता काळजी आहे ती वरळीच्या हवेची. समुद्र हाकेवर. खारट दमट हवेत ॲल्युमिनियमच्या पत्र्याला पोलादाचा बोल्ट टेकला की दोघांमध्ये बारीक वीज वाहते आणि पत्रा आतून पोखरला जातो. वरून रंग शाबूत, खाली पांढरी भुकटी. जोडांत पावसाचं पाणी साचतं, पाणी निघायच्या बारीक भोकांत पाला अडकतो, उन्हाने कॉकपिटचं पारदर्शक झाकण धुरकट होतं. रंगाचा नवा हात यावर पुरत नाही. रिव्हेटची एकेक ओळ तपासणारा, विमानाचं काम येणारा माणूस लागतो, आणि डोक्यावर छप्पर लागतं. या शहराने ‘विक्रांत’ गमावली आहे. २००१ पासून ही विमानवाहू नौका संग्रहालय होती, हँगरमध्ये सी हॉक आणि अलिझे बघायला आपण रांगा लावल्या. २०१२ मध्ये ती बंद झाली, २०१४ मध्ये भंगारात निघाली, तिचं पोलाद वितळवून मोटरसायकलीत घातलं गेलं. वरळीचं विमान तिच्यापुढे केवढंसं! त्याला एक छप्पर घालणं मुंबईला जड नाही.

निघताना आठ-नऊ वर्षांची एक मुलगी शेपटीमागे मान तिरकी करून उभी होती.

“काका, हे उडताना आवाज कसा यायचा?”

मी इंजिनांचं सांगू लागलो. दोन होती, शेजारी शेजारी, जुळी.

“ते नाही. आवाज,” ती म्हणाली.

मला काढून दाखवता आला नाही. ज्यांनी तो ऐकला ते मेकॅनिक आणि वैमानिक आता बरेचसे सत्तरीच्या, ऐंशीच्या पुढे आहेत.