कापडी छत आणि टांगता दिवा

मंडपात शिरल्यावर आपली नजर प्रथम वर जाते. पांढरेशुभ्र कापड ताठ ताणलेले, कडेने झालर आणि मधोमध झुंबर. पाहणाऱ्याला वाटते, झुंबर त्या कापडालाच टांगले आहे. तसे ते खरोखरच असेल, तर त्या छताखाली कोणी बसू नये. कापडी छत हा पडदा आहे, तुळई नव्हे.

असे का, ते थोड्या हिशेबाने पाहू. समजा, ४ मीटर अंतरावरच्या दोन खांबांत दोरी ताणली आणि मधोमध ५ किलोचा दिवा अडकवला. दोरी १० सेंटिमीटर खाली आली, तर प्रत्येक गाठीवर अडीच किलोचा नव्हे, सुमारे ५० किलोचा ओढा पडतो. दोरी जितकी ताठ, तितका ओढा अधिक. कापडाचेही तेच. शिवाय त्याला भोक पाडले की ताण भोकाच्या काठाशी एकवटतो आणि तेथून कापड फाटत जाते.

म्हणून दिव्याचे ओझे वरच्या सांगाड्यानेच घ्यावे. झुंबर मधोमध हवे असेल, तर दोन आडव्यांवर जाड वासा पक्का बांधून त्याला साखळी लावावी. जोडीला एक निराळी तार सैल बांधावी. साखळी तुटली, तर दिवा तिने धरावा. विजेच्या वायरीवर वजन मुळीच येऊ देऊ नये. कापडाच्या भोकाला आधी कडे शिवून घ्यावे, म्हणजे साखळी त्यातून मोकळी उतरते. वायरीचा जोड छताच्या वर लपवू नये. सैल जोड तेथे तापत राहिला, तरी कोणाला दिसत नाही.

दुसरा शत्रू उष्णता. तारेचा जुना बल्ब विजेचा नऊ-दशांशाहून अधिक भाग उष्णतेतच घालवतो. एलईडी दिवा पुष्कळ कमी तापतो, परंतु सैल जोडापुढे त्याचाही इलाज नाही. मंडपांविषयीच्या भारतीय मानकात दिवे जळाऊ कापडापासून निदान १५ सेंटिमीटर दूर ठेवावेत, असे म्हटले आहे. हा नियम पोकळ नाही. हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या समारंभात मंडपाला आग लागली. कृत्रिम धाग्याचे जळते कापड माणसांवर कोसळले. चारशेहून अधिक जीव गेले. त्यांत मुले फार होती.

आता कामगार चळवळीतला माणूस म्हणून एक गोष्ट सांगतो. मंडपवाल्याचा ठेका निराळा, वायरमनचा निराळा. कापड चढल्यावर, उद्घाटनाला दोन तास उरले असता वायरमनला बोलावणे जाते. वर बांबू कोठे आहे, हे त्याला दिसत नाही. तो शिडीवर उभा राहून कापडातून चाचपडतो आणि हाताला लागेल तेथे गाठ मारतो. पुढे काही घडले, तर दोष त्याच्या माथी! वस्तुतः दोष कामाच्या क्रमाचा असतो आणि क्रम ठरवणारे आपण, म्हणजे मंडळाचे कार्यकर्ते.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी सांगाडा, मग साखळी व वायर, मग कापड, शेवटी दिवा. दोघाही कारागिरांना एकाच दिवशी बोलवा आणि वायरमन वर असेपर्यंत वीजपुरवठा बंद ठेवा. याला जादा खर्च लागला, तर एखाद्या मजुरीचा लागेल. तेवढा वर्गणीतून सहज निघतो.