तेजगावच्या टॉवरमधला आवाज

पडदा काळा. त्यावर नुसती अक्षरं उमटतात, वेगवेगळ्या रंगांत, आणि कानांवर दोन आवाज पडत राहतात. एक बंगाली माणूस, एक जपानी. दोघंही इंग्रजीत बोलतात, आणि ती दोघांचीही मायबोली नाही. त्यामुळे अडखळत, थांबत, समोरच्याचं वाक्य पुन्हा विचारून घेत बोलणं चालतं. बांगलादेशी कलावंत नईम मोहायमेन यांच्या ‘युनायटेड रेड आर्मी’ या माहितीपटाचा मोठा भाग असा आहे. ढाक्याच्या तेजगाव विमानतळावरच्या कंट्रोल टॉवरमधल्या ध्वनिफितींवर तो बेतलेला आहे. मोहायमेन तेव्हा आठ वर्षांचे होते. टीव्हीवर आवडती मालिका लागेल म्हणून बसलेल्या त्या मुलाला धावपट्टीवर उभं असलेलं एक विमान दिसलं, आणि मग बराच काळ तेच दिसत राहिलं.

हे विमान मुंबईहून उडालेलं होतं. विमान अपहरण म्हटलं की आपल्याला कंदाहार आठवतं, आणि ते स्वाभाविकच आहे. पण त्याच्या बावीस वर्षं आधी, २८ सप्टेंबर १९७७ रोजी, पॅरिसहून टोकियोला निघालेलं जपान एअरलाइन्सचं ४७२ क्रमांकाचं उड्डाण मुंबईचा थांबा घेऊन पुढे निघालं आणि थोड्याच वेळात जपानी रेड आर्मी या अतिडाव्या संघटनेच्या पाच सशस्त्र माणसांनी ते ताब्यात घेतलं. म्होरक्या ओसामू मारुओका. ते डीसी-८ जातीचं विमान ढाक्याला उतरवण्यात आलं. आत दीडशेच्या वर माणसं होती.

मागण्या दोन : साठ लाख डॉलर रोख, आणि जपानच्या तुरुंगांतल्या नऊ कैद्यांची सुटका. नाही म्हणाल तर एकेक ओलीस मारू. सुरुवात अमेरिकी अध्यक्ष कार्टर यांच्या ओळखीतल्या एका बँकरपासून.

आता ही मांडणी नीट पाहावी, कारण सगळा पेच तिच्यातच आहे. विमान जपानचं. कैदी जपानचे. पैसे द्यायचे जपानने. अपहरणकर्तेही जपानी. आणि त्यांच्याशी बोलायचं कोणी? तर ढाक्यातल्या एका अधिकाऱ्याने, ज्याच्या हातात यातलं काहीच नव्हतं. एअर व्हाइस मार्शल ए. जी. महमूद हे बांगलादेशच्या हवाई दलाचे प्रमुख होते. ते टॉवरमध्ये जाऊन बसले आणि पुढचे दिवस तो आवाज त्यांचाच राहिला. ‘देतो’ म्हणायचा अधिकार त्यांना नव्हता, ‘देत नाही’ म्हणण्याचाही नव्हता. त्यांच्याकडे होता फक्त वेळ, आणि तोही तासातासाने मागून घ्यावा लागत होता. टोकियोत निर्णय होईपर्यंत मुदत पुढे ढकलायची, विमानात अन्न-पाणी जाऊ द्यायचं, आजारी माणसांचं काय ते विचारायचं, आणि हे करताना पलीकडच्या माणसाला आपण फसवले जातोय असं एक क्षणही वाटू द्यायचं नाही. वाटाघाटी म्हटल्या की आपल्या डोळ्यांपुढे टेबल, करार, सह्या येतात. इथे नुसता रेडिओ होता.

बांगलादेश तेव्हा सहा वर्षांचा देश. मुक्तियुद्ध, १९७४चा दुष्काळ, १९७५मध्ये शेख मुजीबुर रहमान यांची हत्या आणि मागोमाग उलथापालथी; १९७७च्या एप्रिलपासून जनरल झियाउर रहमान राष्ट्राध्यक्ष. जपानने १९७२च्या फेब्रुवारीतच या देशाला मान्यता दिली होती आणि पुढे मदतीचा हातही मोठा होता. अशा मदत देणाऱ्या देशाचे नागरिक आपल्या धावपट्टीवर मरू नयेत, एवढी एकच गोष्ट ढाक्याला पक्की ठाऊक होती. बाकी सारं अंधारात.

टोकियोत पंतप्रधान ताकेओ फुकुदा यांनी मागण्या मान्य करायचं ठरवलं. माणसाचा जीव पृथ्वीपेक्षा जड आहे, हे त्यांचं तेव्हाचं विधान जपानमध्ये आजही लोकांच्या तोंडी आहे. मला या वाक्याचा माग काढावासा वाटला. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९४८च्या एका निकालात हा विचार आधीच आला होता : एका माणसाचा जीव अख्ख्या पृथ्वीहून जड. आणि तो निकाल होता फाशीच्या शिक्षेबद्दलचा. ही शिक्षा घटनेच्या विरोधात नाही, असं न्यायालयाने त्यात ठरवलं होतं. म्हणजे जे शब्द फाशी कायम ठेवणाऱ्या निकालात आले, तेच एकोणतीस वर्षांनी कैद्यांना तुरुंगाबाहेर घेऊन आले. शब्दांचा प्रवास असाही होतो.

कायद्यात अशा सुटकेची तरतूद नव्हती. म्हणून सरकारने ‘कायद्याबाहेरचा उपाय’ या अर्थाचा शब्द वापरून वाट काढली. कायदामंत्री हाजिमे फुकुदा यांनी राजीनामा दिला. नऊ कैद्यांपैकी तिघांनी बाहेर यायला नकार दिला, सहा जण तयार झाले. या सहांत दोघं राजकीय कैदी नव्हतेच, खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणारे साधे गुन्हेगार होते. वाहतूक खात्याचे संसदीय उपमंत्री हाजिमे इशी यांच्या नेतृत्वाखाली दुसरं विमान कैदी आणि साठ लाख डॉलर घेऊन १ ऑक्टोबरला ढाक्यात उतरलं. तेव्हाच्या हिशेबाने ही रक्कम सुमारे १६० कोटी येन.

जपानला हे नवं नव्हतं. १९७० साली ‘योदो’ विमानाचं अपहरण झालं, तेव्हा सोलच्या विमानतळावर प्रवाशांच्या बदल्यात उपमंत्री शिंजिरो यामामुरा स्वतः ओलीस म्हणून विमानात चढले होते. सरकारच्या माणसाने प्रवाशाच्या जागी जाऊन बसावं, याहून सरळ मुत्सद्देगिरी मला माहीत नाही. १९७५मध्ये क्वालालंपूरला याच रेड आर्मीने ओलीस धरले, तेव्हा जपानने पाच कैदी सोडले. त्या सुटलेल्यांपैकी जुन निशिकावा दोन वर्षांनी मुंबईहून उडालेल्या या विमानात पिस्तूलधारी म्हणून उभे होते. सोडलेला माणूस परत येतो, हे जपानला ढाक्यात समोरासमोर कळलं. आपल्याला ते कंदाहारनंतर कळलं. तिथे छत्तीस कैद्यांची आणि वीस कोटी डॉलरची मागणी घासाघीस करून तीन कैद्यांवर आली, तरी त्या तिघांत मसूद अझहर होता आणि २०००मध्ये जैश-ए-महंमद उभी राहिली.

तरीही मी पंतप्रधान फुकुदांना दोष देऊ शकत नाही. विमानात बसलेल्या माणसाच्या बायकोला, पोराला पुढच्या दहा वर्षांचा हिशेब समजावून सांगता येत नाही. त्या दिवशी त्या माणसाला घरी आणणं, हे सरकारचं पहिलं काम. दुसरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि बहुतेक सरकारं ते करायला विसरतात.

२ ऑक्टोबरच्या पहाटे मात्र सगळ्याला भलतंच वळण लागलं. विमानतळावर देवाणघेवाण चालू असताना ढाक्यात बंड झालं. दोन दिवसांपूर्वी बोगुऱ्याच्या छावणीत शिपाई उठले होते. आता हवाई दलाचे जवान आणि लष्करातले काही सैनिक झिया यांच्या सरकारवर उठले. तेजगाव विमानतळावरच हवाई दलाचे अकरा अधिकारी मारले गेले. ज्या इमारतीतून विमानाशी बोलणं चालायचं, तिच्याच परिसरात गोळ्या सुटत होत्या. महमूद वाचले. फितींत हा सगळा काळ आहे, आणि तो ऐकवत नाही : तोपर्यंत विमानातल्या बंदुकीचा धोका टॉवरमधला माणूस बाहेरून सांभाळत होता, आता त्याच्याच माणसांच्या बंदुका त्याच्या दारात आल्या होत्या. बंड त्याच दिवशी मोडलं. कैदी आणि पैसे विमानात गेले, मोठ्या संख्येने प्रवासी उतरले, आणि उरलेले ओलीस घेऊन विमानाने ढाका सोडलं. कुवेत, दमास्कस, दोन्हीकडे आणखी काहींना उतरवलं गेलं. ३ ऑक्टोबरला विमान अल्जीरियात पोचलं आणि शेवटचे ओलीस सुटले. एकही प्रवासी मारला गेला नाही.

पुढच्या दोनच आठवड्यांत जगाने दुसरं उत्तर पाहिलं. लुफ्तान्साचं अपहृत विमान सोमालियात मोगादिशूला उभं होतं. १८ ऑक्टोबरला जर्मन पथकाने त्यावर धाड घातली आणि ८६ ओलीस सोडवले. त्या कारवाईच्या कौतुकात एक गोष्ट मागे पडते : जर्मन दूत हान्स-युर्गेन विश्नेव्स्की यांनी सोमालियाच्या सियाद बारे यांची परवानगी आधी मिळवली होती. कमांडोंना धावपट्टीपर्यंत नेणारी वाटही बोलण्यातूनच गेली. त्याच वर्षी जपाननेही पोलिसांत खास पथकं उभी केली. १९७८च्या जुलैत बॉन इथे सात श्रीमंत देशांनी जाहीर केलं, की अपहरणकर्ते परत न देणाऱ्या देशाशी विमानवाहतूक थांबवू. त्या बैठकीत फुकुदाही होते. मारुओका १९८७ साली टोकियोत खोट्या पासपोर्टसह पकडले गेले, जन्मठेप झाली आणि २०११मध्ये तुरुंगातच वारले. निशिकावा १९९७ साली बोलिव्हियात सापडले. ढाक्यात सुटलेल्यांपैकी काहींचा जपानी पोलीस अजून शोध घेत आहेत.

जपानच्या बाजूची ही गोष्ट नीट नोंदलेली आहे. बांगलादेशच्या बाजूची तशी नाही, आणि मला हे लिहावंसं वाटलं ते त्यासाठी. बंडानंतर घाईघाईने लष्करी न्यायाधिकरणं बसली. हवाई दलातल्या आणि लष्करातल्या शेकडो जवानांना फासावर चढवण्यात आलं. त्यातल्या कित्येकांच्या घरी धड निरोपसुद्धा गेला नाही. दीडशे माणसं सोडवायला ज्या हवाई दलाने आपली धावपट्टी, आपला टॉवर आणि आपला प्रमुख दिला, ते दल त्याच आठवड्यात आतून कोसळलं. वर्ष संपता संपता महमूद यांनीही पद सोडलं.

मागे ढाक्याहून आलेल्या एका बातमीच्या चित्रात काही बायका रस्त्यावर उभ्या दिसल्या, हातांत गणवेशातल्या तरुणांचे जुने, कडा दुमडलेले फोटो. फाशी गेलेल्यांच्या बायका, मुली. त्यांची मागणी पैशाची नव्हती. ऑक्टोबर १९७७मध्ये आमच्या माणसांना पुरलंत कुठे, तेवढं सांगा, असं त्या सरकारला विचारत होत्या.