सायकलचा दिवा : प्रकाश रस्त्यावर, दक्षता घरात

पहाटे सव्वापाचला घराबाहेर पडायचे, पंचवीस-तीस किलोमीटर सायकल चालवून सातपर्यंत परतायचे आणि स्नान आटोपून वेळेवर दुकान उघडायचे. दिवसभर गल्ल्यामागे बसावे लागणाऱ्या अनेक गृहस्थांनी आरोग्यासाठी हा क्रम स्वीकारला आहे. संध्याकाळी शिकवणीहून परतणारी मुलेही पुष्कळदा सायकलवरच असतात. या दोघांच्याही हँडलवर आता मुठीएवढा, पण अत्यंत प्रखर असा रिचार्जेबल दिवा दिसतो.

घरी आल्यावर तो दिवा कोठे जातो? कधी पलंगाशेजारच्या प्लगला, कधी दिवाणखान्यातील सोफ्यावर, तर कधी खाली दुकानात, पुठ्ठ्याच्या खोक्यांना टेकून. रात्री अकराला लावलेला चार्जर सकाळी निघताना काढला जातो. मधल्या सहा तासांत सारे घर झोपलेले असते. जी वस्तू रस्त्यावर जीव सांभाळण्यासाठी आणली, तिच्यापासूनच घराला धोका उत्पन्न होऊ नये, यासाठी तिचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे.

डायनॅमोपासून लिथियमपर्यंत

घरातील वडीलधाऱ्यांना डायनॅमो आठवत असेल. टायरला घासून फिरणाऱ्या त्या लहानशा जनित्राची शक्ती ६ व्होल्ट, ३ वॉट इतकीच असे. त्यातील २.४ वॉट पुढच्या दिव्याला आणि ०.६ वॉट मागच्या तांबड्या दिव्याला. डायनॅमो लावला की पेडल जड होई आणि सायकल थांबली की दिवा विझे. प्रकाश मंद होता. परंतु त्यात साठवलेली अशी ऊर्जाच नसल्याने घरात आणून ठेवण्यासारखा धोकाही नव्हता.

दोन शोधांनी हे चित्र पालटले. पहिला निळ्या प्रकाशाच्या एलईडीचा. त्यामुळे पांढरा प्रकाश देणारे एलईडी शक्य झाले आणि त्या कार्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा शोध लिथियम-आयन बॅटरीचा. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली. जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो हे २०१९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले ते याच बॅटरीसाठी. या दोन्हींच्या संयोगाने आज तळहातावर मावणारा दिवा १,००० लुमेन प्रकाश देऊ शकतो.

प्रकाश किती आणि कोठे?

अधिक लुमेन म्हणजे अधिक सुरक्षितता, असा समज खरेदी करताना सहज होतो. तो अर्धाच खरा आहे. शहरातील रस्त्यावर खांबांचे दिवे असतात. तेथे इतरांना आपण दिसावे हा मुख्य हेतू असतो आणि त्याला २०० ते ४०० लुमेन पुरेसे होतात. गावाबाहेरच्या काळोख्या रस्त्यावर खड्डा, खडी किंवा बसलेले जनावर आपल्याला दिसले पाहिजे. तेथे ६०० ते १,००० लुमेन उपयोगी पडतात.

किती दूरवर दिसले पाहिजे, याचा हिशेब सोपा आहे. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जाते. अडथळा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात आठ मीटर अंतर कापले जाते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे चार मीटर लागतात. म्हणजे बारा मीटर. वेग ३० झाला की हेच अंतर वीस मीटरच्या पुढे जाते, आणि पावसात त्याहूनही वाढते.

प्रकाश रस्त्यावर पडला पाहिजे. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत नव्हे. डोळे दिपलेला दुचाकीस्वार क्षणभर काहीच पाहू शकत नाही आणि तो बहुधा आपल्याच दिशेने येत असतो. जर्मनीत सायकलच्या दिव्याने समोरच्याचे डोळे दिपू नयेत, असे वाहतुकीच्या नियमातच नमूद आहे. त्यासाठी तेथील दिव्यांचा झोत मोटारीच्या दिव्याप्रमाणे वरच्या बाजूस कापलेला असतो. पुढचा दिवा लुकलुकता ठेवण्यासही तेथे मनाई आहे.

आपल्याकडील बहुतेक दिव्यांचा झोत विजेरीसारखा गोल असतो. म्हणून तो योग्य कोनात बसवणे हे वापरणाऱ्याचे काम ठरते. त्याची परीक्षा घराच्या आवारातच करता येते. सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करावी आणि दिवा लावावा. झोताचा सर्वांत तेजस्वी मध्यबिंदू दिव्याच्या उंचीच्या निम्म्यावर पडला, तर तो रस्त्यावर दहा मीटरवर टेकेल. शहरासाठी हा कोन योग्य आहे. काळोख्या रस्त्यासाठी तो पाऊण उंचीवर ठेवावा, म्हणजे प्रकाश वीस मीटरवर टेकेल. मध्यबिंदू दिव्याच्या उंचीइतका किंवा त्याहून वर असेल, तर तो समोरच्याच्या डोळ्यांत जाणार हे निश्चित. समोरून कोणी येताना दिसल्यास प्रकाश कमी करावा. मागचा तांबडा दिवा रात्री स्थिर ठेवलेला बरा. लुकलुकत्या दिव्यावरून अंतराचा अंदाज घेणे मागून येणाऱ्याला कठीण जाते.

एका सेलमध्ये किती ऊर्जा?

अशा दिव्यांत बहुधा '१८६५०' या नावाचा सेल असतो. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, यावरून ते नाव पडले. चांगल्या सेलमध्ये सुमारे १३ वॉट-तास ऊर्जा साठते. १,००० लुमेनचा दिवा साधारण १० वॉट खेचतो. म्हणून पूर्ण प्रकाशावर एक सेल तासाभरात संपत येतो. मोठ्या दिव्यांना दोन किंवा चार सेलचा वेगळा संच जोडलेला असतो.

१३ वॉट-तास म्हणजे किती, हे स्वयंपाकघरातील उदाहरणाने कळेल. तेवढ्या ऊर्जेने कपभर पाणी उकळू शकते. ही ऊर्जा तासाभरात सावकाश बाहेर पडली तर तिचा प्रकाश होतो. सेलच्या आतील पातळ पडदा फाटला आणि दोन्ही ध्रुव एकमेकांना भिडले, तर तीच ऊर्जा काही क्षणांत उष्णतेच्या रूपाने बाहेर येते. त्या उष्णतेने आतील द्रव पेट घेतो, त्यातून आणखी उष्णता निर्माण होते आणि शेजारचा सेलही तापू लागतो. प्रमाणापेक्षा अधिक चार्ज होणे, आदळणे, पाणी शिरणे, उन्हात तापणे किंवा मुळातच सदोष बनावट ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

असे प्रसंग रोज घडत नाहीत, हे खरे. तथापि घडले म्हणजे काय होते, याचे उदाहरण न्यूयॉर्क शहराने पाहिले आहे. तेथे २०२३ या एका वर्षात लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे लागलेल्या आगींत १८ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील पुष्कळ आगी विजेवर चालणाऱ्या सायकलींच्या मोठ्या बॅटऱ्यांच्या होत्या. दिव्याची बॅटरी त्या मानाने फार लहान असते. परंतु रसायन तेच, आणि ज्या घरात खाली दुकान, वर कुटुंब व उतरायला एकच जिना असतो, तेथे लहान ठिणगीही लहान राहत नाही.

चार्जिंगची शिस्त

पहिला नियम असा की, चार्जिंग घरातील माणसे जागी असताना करावे. सकाळी फिरून आल्यावर किंवा संध्याकाळी जेवणाच्या सुमारास ते सहज होते. दिवा ओट्यावर, फरशीवर किंवा लाद्यांवर ठेवावा. गादी, उशी, कागद, पुठ्ठा यांच्यापासून दूर. बाहेर पडण्याच्या दारात किंवा जिन्याच्या तोंडाशी चार्जिंग कधीही करू नये. कारण आग लागली तर सुटकेची वाटच बंद होते.

दिव्यासोबत आलेला किंवा उत्पादकाने सांगितलेलाच चार्जर वापरावा. लिथियमचा एक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. दोन सेलच्या संचाला त्याच्या दुप्पट म्हणजे ८.४ व्होल्टचा चार्जर लागतो. दोन्हींची पिन पुष्कळदा सारखीच असते, आणि घरात दोन दिवे असले की चार्जरची अदलाबदल होते. चार्जरवर दिव्याचे नाव लिहून चिकटवले, तर ही चूक टळते.

पावसाळ्यात भिजलेला दिवा आधी पुसून पूर्ण कोरडा करावा आणि मगच चार्जरला लावावा. चार्जिंगच्या छिद्रावरील रबरी झाकण प्रवासात घट्ट बसलेले असावे. उन्हाळ्यात बंद मोटारीत दिवा ठेवू नये. दोन-तीन महिने वापर नसेल, तर बॅटरी अर्धी भरलेली ठेवावी. पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली नव्हे. सुटे सेल किल्ल्या व नाणी असलेल्या खिशात टाकू नयेत. त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची छोटी डबी मिळते. विमानप्रवासात सुटी बॅटरी सोबतच्या पिशवीत असावी. सामानात सोपवू नये.

बॅटरी फुगली, चेपली, नेहमीपेक्षा अधिक तापू लागली किंवा तिला गोडसर उग्र वास येऊ लागला, तर तिचे आयुष्य संपले असे समजावे. ती दाबून, टोचून किंवा पुन्हा चार्ज करून पाहू नये. धूर किंवा फुसफुस सुरू झाली, तर प्रथम माणसे बाहेर काढावीत. तो धूर विषारी असतो. शक्य झाल्यास मुख्य स्विच बंद करावा आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. ज्वाळा विझल्या तरी आतील उष्णता सेलला पुन्हा पेटवू शकते, हे ध्यानात ठेवावे.

निकामी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली, तर तेथेही आग लागू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या देणे ही ग्राहकाची, आणि त्या परत घेण्याची व्यवस्था करणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचरा संकलन केंद्रावर द्यावी.

विकणाऱ्याचेही कर्तव्य

समाजातील अनेक कुटुंबांचा सायकल, विद्युत साहित्य व हार्डवेअरचा व्यापार आहे. त्यांच्यासाठी या विषयाला दुसरी बाजू आहे. बाजारात '९,९०० मिलिअॅम्पिअर-तास' असे छापलेले १८६५० सेल अत्यंत स्वस्तात मिळतात. त्या आकाराच्या उत्तम सेलची क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास असते. म्हणजे वेष्टनावरील आकडाच खोटा आहे. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. असे बनावट सेल पुष्कळदा त्याहून बरेच हलके लागतात. दुकानातील तराजू ही परीक्षा क्षणात करून देतो. जो आकडा खोटा छापतो, त्याने आतील संरक्षक सर्किट प्रामाणिकपणे बसवले असेल, असे मानायला आधार नाही.

लिथियम सेलना आपल्या देशात आयएस १६०४६ या मानकानुसार भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी बंधनकारक आहे. मालावर ते चिन्ह व नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहूनच खरेदी करावी आणि पक्के बिल घ्यावे. ग्राहकाने परत केलेला फुगलेला दिवा नव्या मालाच्या फळीवर ठेवू नये. तो धातूच्या डब्यात, गोदामापासून दूर असावा. दुकान बंद करताना नमुन्यासाठी लावलेले दिवे प्लगमधून काढावेत. कुलूप लावण्यापूर्वी दिवाबत्ती पाहण्याची सवय प्रत्येक पेढीला असते. तिच्यात एवढ्या एका गोष्टीची भर घालणे अवघड नाही.

दिवा विकताना ग्राहकाला दोन वाक्ये सांगितली, तरी पुष्कळ काम होते: "झोत खाली ठेवा. रात्री झोपताना चार्जिंगला लावू नका." त्याला वेळ लागत नाही, पैसाही लागत नाही. स्वस्त सेलवरील चार पैशांचा नफा सोडल्याने गल्ला थोडा हलका राहील. परंतु आपल्या दुकानातून गेलेली वस्तू कोणाच्या तरी घरात, झोपलेल्या मुलांच्या उशाशी असणार आहे, याचे भान त्या नफ्यापेक्षा मोठे आहे. आज रात्री निजण्यापूर्वी प्रत्येक घरातील एकाने उठून चार्जिंगचे प्लग एकदा पाहावेत. दिवा सकाळी चार्ज करता येईल.